नियम अकरा, आपल्या शब्दांत

आपल्या मुलीला खुर्चीवरून हटवा अशी मागणी करायला अमरावतीत सभा भरणार आहे, हे जानराव तेलगोटेंना शेजारच्या महादेवरावांनी वाचून दाखवलं. थंडीचे दिवस होते. अकोल्याच्या जठारपेठेतल्या त्या गल्लीत ऊन उतरायला नऊ वाजत आणि दोघे म्हातारे ऊन सरकेल तशा खुर्च्या सरकवत बसत. पेपर महादेवराव वाचत, मोठ्याने, जाहिरातींसकट. त्या दिवशी बातमी अर्धी झाल्यावर ती कोणाबद्दल आहे ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी पेपर खाली घेतला.

"वाचा ना," जानराव म्हणाले. "थांबले काहून?"

महादेवरावांनी घसा साफ करून पुढचं वाचलं. लघुविमा नियामक मंडळाच्या अध्यक्षा रश्मी सिरसाट यांनी लादलेला नियम अकरा मागे घ्यावा, नाहीतर त्यांनी पायउतार व्हावं, यासाठी विदर्भातले विमा एजंट रविवारी अमरावतीत जमणार होते. बातमीत या नियमाला 'तोंडी परीक्षा' म्हटलं होतं.

खेड्यापाड्यांत विकल्या जाणाऱ्या छोट्या पॉलिस्यांवर, अपघाताच्या, दवाखान्याच्या, गुराढोरांच्या, हे मंडळ देखरेख ठेवत असे. रश्मी ही जानरावांची एकुलती मुलगी. दीड वर्षापूर्वी ती मंडळाची अध्यक्षा झाली तेव्हा गल्लीत पेढे वाटले गेले होते. आता टीव्ही लावला की चार चौकटींत चार माणसं तिच्यावरून भांडताना दिसत. एक म्हणे ती हेकेखोर आहे, दुसरा म्हणे धाडसी आहे. जानरावांनी एकदा अख्खा अर्धा तास ते भांडण पाहिलं आणि नियम काय आहे हे कोणीच सांगितलं नाही, हे त्यांना फार नवलाचं वाटलं. शालूबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, उठून टीव्ही बंद केला. मायनं पोरीले काय शिकवलं, असंही विचारतील आता, एवढंच त्या म्हणाल्या.

जानरावांनी नियम विचारायला रश्मीला मुंबईला फोन लावला. रश्मी घरी ऑफिसचा विषय काढत नसे. "वेबसाइटवर आहे, बाबा. मराठीतही आहे," ती म्हणाली आणि आईच्या गुडघ्यांचं विचारू लागली. जानरावांनी चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून नियमावलीची एकेचाळीस पानं काढून आणली, पेन्सिल घेऊन दोन दिवस वाचली. अकरावा नियम त्यांना कळला. पॉलिसी देण्याआधी गिऱ्हाइकाने एजंटच्या मोबाइलमधल्या ॲपवर स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या शब्दांत सांगायचं, की आपण काय विकत घेतोय, पैसे कधी मिळतील आणि कधी मिळणार नाहीत. ॲपने ते स्वीकारलं तरच पॉलिसी. एजंटने शब्द पढवायचे नाहीत. पढवले तर परवाना जाऊ शकतो.

वाचून त्यांना नियम चांगला वाटला. मग लोक इतके का चिडले? त्याचं उत्तर त्या एकेचाळीस पानांत नव्हतं.

जानरावांची सारी नोकरी विद्युत मंडळात मीटर तपासण्यात गेली होती. मीटर पळतं अशी तक्रार आली की साहेब म्हणत, गिऱ्हाईक खोटं बोलतं. गिऱ्हाईक म्हणे, मंडळ चोर आहे. जानराव दोघांनाही काही बोलत नसत. मीटर काढून आणत, टेबलावर लावत, हातात स्टॉपवॉच घेऊन चकतीचे फेरे मोजत बसत. कधी मीटर बरोबर निघे. कधी खरोखर पळत असे. पण एक-दोनदा असंही झालं, की मीटर ठीक आणि गिऱ्हाईकही खरं, आणि गडबड तिसऱ्याच ठिकाणी, शेजाऱ्याने गुपचूप जोडलेल्या तारेत. ते दिवस त्यांना सगळ्यात आवडत.

रविवारी सकाळी त्यांनी स्वेटर चढवला.

"लोक तुमच्या पोरीले नावं ठेवतीन अन् तुमी तिथं टाळ्या वाजवसान?" शालूबाईंनी विचारलं.

"टाळ्या नाई वाजवत. आयकून येतो."

मूर्तिजापूरवरून जाणारी एसटी त्यांनी पकडली. अमरावतीला बडनेरा रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात सभा होती. दारात एक मुलगी वहीत नावं लिहून घेत होती. एजंट की पॉलिसीधारक, तिने विचारलं. जानरावांनी पॉलिसीधारक लिहिलं. ते खरंच होतं. तेलगोटे हे आडनाव वाचून कोणी मान वर केली नाही, कारण रश्मीचं आडनाव लग्नानंतर सिरसाट झालं होतं. मुलीने त्यांना छातीला लावायला एक काळी फीत आणि टाचणी दिली. जानरावांनी दोन्ही जपून खिशात ठेवलं आणि दुसऱ्या रांगेत जाऊन बसले.

सातआठशे माणसं असतील. पुष्कळशा बायका होत्या. संघटनेचे सचिव किशोर गावंडे बोलायला उठले तेव्हा हॉल शांत झाला. माणूस बोलायला चांगला होता. नियम आल्यापासून कोणाचा धंदा किती बसला ते त्याने नावानिशी सांगितलं. साठी ओलांडलेल्या माणसाला मोबाइलपुढे बसवून परीक्षा घ्यायची, नापास झाला की त्याच्या सुनेसमोर त्याला सांगायचं, काका, तुम्हाला समजत नाही, हा अपमान नाही तर काय, असं त्याने विचारलं. जानरावांना ते पटलं. मग तो अध्यक्षांवर आला. मुंबईत वाढलेल्या बाईला वऱ्हाडातलं उन्हाळ्यातलं खेडं ठाऊक नाही, तिने जन्मात एक पॉलिसी विकली नाही, असं तो म्हणाला, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. रश्मी दहावीपर्यंत अकोल्यात सायकलने शाळेत जात असे आणि चेन पडली की हात काळे करून घरी येत असे. जानरावांनी शेजारच्या माणसाकडे पाहिलं. तो मनापासून टाळ्या वाजवत होता. त्याचा चेहरा सज्जन होता. आपल्याला राग येईल असं त्यांना वाटलं होतं, पण आलं ते निराळंच काहीतरी. ज्या बाईबद्दल हे सगळे बोलत होते ती त्यांच्या ओळखीचीच नव्हती.

भाषणं झाल्यावर गावंडेंनी प्रात्यक्षिक जाहीर केलं. ज्येष्ठ नागरिकाला काय सोसावं लागतं ते सगळ्यांना दिसू द्या, असं म्हणून त्यांनी पुढच्या रांगांवर नजर फिरवली आणि जानरावांकडे हात केला. "काकाजी, तुमी या जरा."

जानराव स्टेजवर गेले. गावंडेंनी त्यांना खुर्ची दिली, मोबाइल समोर धरला आणि अपघात विम्याची पॉलिसी दोन मिनिटांत समजावून सांगितली. वर्षाला इतके भरायचे, अपघातात माणूस गेला तर वारसाला इतके मिळायचे. आता हेच तुमच्या शब्दांत सांगा, ते म्हणाले आणि लोकांकडे पाहून हसले.

"आधी एक विचारू?" जानराव म्हणाले. "साप चावला तं तो अपघात होते का?"

"होते ना."

"अन् इंचू?"

गावंडे थांबले. बघावं लागेल, असं म्हणाले. जानरावांनी मग विचारलं, की बैलाने मारलं तर, आणि विहिरीवरची मोटार चालू करताना शॉक लागला तर. ते कोणाला अडवायला विचारत नव्हते. ॲपला सांगायचं तर आधी आपल्याला कळलं पाहिजे, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. पण हॉलमध्ये आधी हशा झाला, मग कुजबुज. मागून एक एजंट उभा राहून म्हणाला, की साप चावला तर चोवीस तासांत सरकारी दवाखान्याचा कागद लागतो. दुसरा म्हणाला, कागद कोणत्याही दवाखान्याचा चालतो. तिसऱ्याने दोघांनाही खोटं ठरवलं. गावंडेंनी चष्मा लावून माहितीपत्रक उलटंसुलटं पाहिलं. सातशे एजंटांच्या सभेत विंचवाबद्दल कोणालाच खात्रीने सांगता येईना.

अखेर जानरावांनी फोनजवळ तोंड नेलं आणि वऱ्हाडीत सांगायला सुरुवात केली. रक्कम किती, मुदत एक वर्ष, हप्ता किती, वारस बायको. सापाचं अपघातात येते म्हणतात, कागदाचं नक्की नाही. "इंचवाचं यायलेच मालूम नाई," असं म्हणून त्यांनी संपवलं. फोनने टुणकन आवाज केला. पडद्यावर हिरवी खूण आली. नोंद स्वीकारली.

लोक हसले, पण गावंडे हसले नाहीत. त्यांनी आभार मानून काकाजींना खाली पाठवलं आणि घोषणा सुरू केल्या. जानराव जागेवर येऊन बसले तरी त्यांचं लक्ष त्या हिरव्या खुणेतच होतं. आपण तर फोनला सांगितलं, की यांना ठाऊक नाही. तरी त्याने पास कसं केलं? हे यंत्र ऐकतं तरी काय?

जेवणाच्या वेळी आलू-वांग्याची भाजी वाढून घेऊन ते भिंतीशी उभे होते तेव्हा एक चाळिशीची बाई ताट घेऊन त्यांच्याजवळ आली. नाव पौर्णिमा खंडारे, चिखलदऱ्याला राहते, अठरा वर्षं तिथल्या गावांत पॉलिस्या विकते, असं तिने सांगितलं. स्टेजवर बोलायला तिने दोनदा चिठ्ठी पाठवली होती, पण वेळ मिळाला नव्हता.

"तुमी पास कसे झाले याचाच विचार करून राहिले ना, काका?" ती म्हणाली. "मी सांगते. ते पाच शब्द पाहाते. रक्कम, मुदत, हप्ता, वारस, अपघात. पाच आले अन् बोली मराठीसारखी वाटली, की झालं."

जानरावांनी ताट खाली ठेवलं आणि हे तिला कसं ठाऊक ते विचारलं.

मग पौर्णिमाने जमुना बेठेकरची गोष्ट सांगितली. जमुना चिखलदऱ्याजवळच्या गावात राहणारी, पन्नाशीची, कोरकू बोलणारी बाई. हंगामात कॉफीच्या मळ्यात फळं तोडते, नवरा मजुरीला घाटाखाली मैदानी मुलखात जातो. नवऱ्यासाठी तिला अपघात विमा हवा होता. पौर्णिमाने तो तिला कोरकूत समजावून सांगितला आणि जमुनाने फोनपुढे बसून चार मिनिटं असं सांगितलं, की पौर्णिमाला स्वतःला दोन गोष्टी नव्याने कळल्या. फोनने लाल खूण दाखवली. भाषा ओळखता आली नाही. तीनदा तसंच झालं. चौथ्या वेळी पौर्णिमाने पास झालेल्या गिऱ्हाइकांच्या बोलण्यात दरवेळी असणारे ते पाच शब्द घेऊन मराठीतली पाच वाक्यं केली आणि तिच्याकडून पाठ करून घेतली, शाळेतल्या पोरीसारखी. जमुनाने ती म्हटली आणि लगेच हिरवी खूण आली.

दोन्ही रेकॉर्डिंग पौर्णिमाच्या फोनमध्ये होती. जानरावांनी फोन कानाला लावला. पहिल्यात एक बाई बोलत होती, मध्ये थांबत होती, काहीतरी परत सांगत होती, एकदा हसलीसुद्धा. शब्द कळत नव्हते, तरी ती समजून बोलते आहे हे कळत होतं. दुसऱ्यात तोच आवाज एका दमात पाच वाक्यं म्हणून मोकळा झाला होता. जानरावांनी दोन्ही पुन्हा ऐकली.

"म्हंजे सोताच्या शब्दात सांगतलं तं नापास," ते म्हणाले, "अन् तुमच्या शब्दात सांगतलं तं पास."

"हाव. अन् ते शब्द माझेबी नाईत. ॲपचेच."

जानरावांनी तारखा विचारल्या, ॲप कोणत्या महिन्यातलं ते विचारलं, आणखी किती गिऱ्हाइकांचं असं झालं ते विचारलं. पौर्णिमा उत्तरं देत गेली आणि मध्येच थांबली. तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुमी कोण आहा, काका?"

खोटं सांगणं सोपं होतं. त्यांनी सांगितलं, रश्मी सिरसाट माझी मुलगी.

पौर्णिमाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. आत्ताच तिने नियामकाच्या बापाला सांगितलं होतं, की मी गिऱ्हाइकाला शब्द पढवले. तिचा परवाना, तिची अठरा वर्षं. तिने फोन पर्समध्ये टाकला. जानरावांनी आवाज चढवला नाही. तुम्ही सांगाल तेवढंच मी सांगेन, नाव तुमच्या परवानगीशिवाय तोंडातून निघणार नाही, असं ते म्हणाले आणि जवळच्या टेबलावरच्या कागदाचा कोपरा फाडून त्यावर आपला नंबर लिहून दिला. पौर्णिमाने तो घेतला, पण घरी जाऊन ती तो टाकून देईल असं त्यांना वाटलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी रश्मीला फोन केला. सभेत काय झालं ते सांगू लागले. तिने मध्येच विचारलं, "तुम्ही त्या सभेत गेला होतात?"

"हाव."

"काळी फीत लावली?"

"खिशात हाय."

तिने पुढे सांगा म्हटलं. ऐकता ऐकता ती तिकडे काहीतरी लिहीत होती, ते त्यांना जाणवलं. सगळं ऐकून तिने पहिलं विचारलं, ते एजंटचं नाव. जानरावांनी दिलं नाही. रश्मीचा आवाज ऑफिसमधल्यासारखा झाला. शब्द पढवणं हा नियमाखाली गुन्हा आहे, मी ज्या खुर्चीत आहे तिथे हे ऐकून कानाआड करता येत नाही आणि नावाशिवाय काही करताही येत नाही, असं ती म्हणाली.

जानरावांनी तिला एवढंच विचारलं, की हा नियम तू आणलाच काहून.

रश्मीने पहिल्यांदाच सांगितलं. अध्यक्षा झाल्यावर तिने जुन्या तक्रारींचे गठ्ठे मागवून घेतले होते. त्यांत एक बाई होती. नवरा वारल्यावर ती पॉलिसी घेऊन कंपनीच्या दारात गेली. तिथल्या कारकुनाने कागद पाहिला. पॉलिसी म्हशीची होती. चार वर्षं ती बाई नवऱ्याचा विमा म्हणून म्हशीचा हप्ता भरत होती. "तिला कोणी विचारलंच नव्हतं बाबा, की बाई, तुला काय समजलं," रश्मी म्हणाली, आणि मग बोलता बोलता तिचं मुंबईचं मराठी सुटलं. "आता सारे मलेच विचारून राहिले, तुले काय समजते म्हणून."

"मंग तू ये," जानराव म्हणाले. "तूच आयक त्या बाईले."

पौर्णिमाने नंबर टाकून दिला नव्हता. तिचा फोन आला तेव्हा जानरावांनी सांगितलं, की रश्मी स्वतः यायला तयार आहे; त्यावर तिने चार दिवस घेतले आणि पाचव्या दिवशी पुन्हा फोन केला. लपवून किती दिवस ठेवू, आणि जमुनाला तर काहीच लपवायचं नाही, असं ती म्हणाली. घेऊन या.

रश्मी महाशिवरात्रीला जोडून आलेल्या सुट्टीत अकोल्याला आली. सरकारी गाडी घेतली नाही. भाड्याच्या गाडीत बापलेक पहाटे निघाले, दर्यापूर, अंजनगाव करत परतवाड्यात पोचले आणि तिथे चहा घेऊन घाट चढले. रश्मीने आईची शाल पांघरली होती. वाटेत तिने एकदाच विचारलं, सभेत लोक आणखी काय म्हणाले. जानरावांनी सगळं सांगितलं, मुंबईत वाढलेली बाई म्हणाले तेही.

जमुना ओट्यावर गोधडी घालून त्यांची वाट पाहत बसली होती. पाहुणी कोण आहे ते पौर्णिमाने तिला आधीच सांगितलं होतं, पण त्याचं तिला विशेष वाटलेलं दिसलं नाही. रश्मीने नमस्कार केला आणि विम्याबद्दल जसं फोनला सांगितलं होतं तसं मला सांगा, अशी विनंती केली. जमुनाने सांगितलं. हात हलवत, मध्येच नवरा जातो त्या दिशेला बोट दाखवत, चार मिनिटं. संपल्यावर पौर्णिमा मराठीत सांगू लागली तेव्हा जमुनाने तिला हाताने थांबवलं आणि कोरकूत काहीतरी म्हणाली.

पौर्णिमा जरा अवघडली. "ती म्हणते, आधी मॅडमले सांगू दे. काय समजलं ते."

रश्मीने जमुनाकडे पाहिलं. "मला काहीच समजलं नाही," ती म्हणाली.

जमुनाला एवढं मराठी येत होतं. "मंग तुले पॉलिसी भेटत नाही," ती म्हणाली आणि तोंडावर पदर धरून हसली.

रश्मीही हसली. किती महिन्यांनी तिला असं हसताना पाहतोय, ते जानरावांना आठवेना. मग तिने चपला काढल्या, ओट्यावर मांडी घालून बसली आणि पौर्णिमाला म्हणाली, एकेक शब्द सांगा. पुढचा दीड तास तसाच गेला. रश्मी विचारे, हा शब्द कशाचा. जमुना सांगे, पौर्णिमा उलगडून सांगे, रश्मी वहीत लिही आणि जमुनाला परत म्हणून दाखवी. चुकलं की जमुना मान हलवी. जानराव भिंतीला टेकून पाहत बसले. आपल्या मुलीला काही ठाऊक नसतं तेव्हा ती कशी बसते, हे त्यांनी तिच्या शाळेनंतर पाहिलंच नव्हतं.

त्या चार मिनिटांत जमुनाने एक प्रश्नही विचारून ठेवला होता. नवरा खाली मैदानी मुलखात कामावर असताना त्याचं काही झालं, तर कागद तिकडच्या ऑफिसात द्यायचा की इथल्या? फोनने तो प्रश्न तीनदा ऐकून तीनदा नाकारला होता. रश्मीला उत्तर ठाऊक नव्हतं. तिने तसं कबूल केलं आणि पंधरा दिवसांत कळवीन म्हणाली. तेराव्या दिवशी पौर्णिमाच्या फोनवर उत्तर आलं: कुठेही दिला तरी चालेल.

त्या दिवशी निघताना मात्र रश्मी पौर्णिमाशी बाजूला जाऊन बोलली. काय बोलली ते जानरावांना ऐकू आलं नाही. पौर्णिमा मान खाली घालून ऐकत होती.

एप्रिलमध्ये सुधारित परिपत्रक निघालं. नियम अकरा राहिला. पण आता गिऱ्हाईक कोणत्याही बोलीत सांगू शकत होतं, ती बोली जाणणारा गावातलाच माणूस साक्षीला चालणार होता, आणि पाच शब्द शोधणारी सोय काढून काही रेकॉर्डिंग खऱ्या माणसांनी ऐकायची होती. एजंटांनी स्वतः दरवर्षी एक परीक्षा द्यायची, असंही एक कलम नव्याने आलं होतं. किशोर गावंडेंनी तो आपला विजय म्हणून जाहीर केला आणि त्याच पत्रकात राजीनाम्याची मागणी पुन्हा केली. महादेवरावांनी एकाच सकाळी दोन पेपर वाचून दाखवले. एकात अध्यक्षा दबावापुढे झुकल्या होत्या, दुसऱ्यात त्या अजूनही अडून बसल्या होत्या.

"खरं काय?" महादेवरावांनी विचारलं. जानराव सांगायला लागले तर अर्धा तास लागला, पण महादेवरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि विंचवाचं शेवटी काय झालं ते विचारलं.

त्याच आठवड्यात पौर्णिमाला ताकीद आली. गिऱ्हाइकाला शब्द पढवल्याबद्दल लेखी ताकीद. पुन्हा घडल्यास परवाना रद्द. जानरावांना हे पौर्णिमाच्या फोनवरून कळलं आणि ते संतापले. त्यांनी रश्मीला फोन करून विचारलं, की मी ज्या बाईला शब्द दिला तिलाच तू शिक्षा कशी केलीस.

"तिने माझ्यासमोर सांगितलं, बाबा," रश्मी म्हणाली. "मी तिला तिथेच म्हणाले होते, की आता मला हे सोडता येणार नाही. तिला सोडलं असतं तर उद्या दुसऱ्या कोणाला नोटीस काढायला मला तोंड राहिलं असतं का?"

जानरावांना ते पटलं नाही. काही दिवस ते फोनवर फक्त तब्येतीचं बोलत. शालूबाईंनी दोघांच्या मध्ये पडायचं नाकारलं. अखेर एका सकाळी ते एकटेच एसटीने निघाले, परतवाड्याला गाडी बदलली आणि दुपारी चिखलदऱ्याला पौर्णिमाच्या घरी पोचले. माफी मागायची असं ठरवून गेले होते.

पौर्णिमाने त्यांना पाणी दिलं आणि ताकीद आणून दाखवली. एका पानाचं पत्र. तिने बोट खालच्या सहीवर ठेवलं.

"गावंडेसाहेब म्हणाले, यावर मोर्चा काढू. मी नको म्हणलं," ती म्हणाली. "अशी पत्रं खालचे अधिकारी धाडतात, काका. हे तुमच्या पोरीनं सोता सही करून धाडलं. मी पढवलं होतं, ते खरंच होतं. मले राग आला, नाही असं नाही. दोन दिवस जेवण गेलं नाही. पण लपून नाई केलं तिनं."

जानरावांनी सही पाहिली. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर त्यांची सही नीट गिरवून काढणारी हीच पोर, एकदा तर मास्तरांनाही ओळखू न येण्याइतकी हुबेहूब. माफीचे शब्द त्यांच्या तोंडात राहून गेले. त्यांनी पत्र घडी करून परत दिलं.

पौर्णिमा पर्स खांद्याला लावून निघायच्या तयारीत होती. गावाच्या खालच्या आळीत एक शिंपी आहे, ती म्हणाली, पुंजाराम. त्याला दवाखान्याचा विमा हवा आहे. माणूस हुशार आहे, कपड्याचं माप नजरेने सांगतो, पण जन्मापासून मुका आहे. नव्या परिपत्रकात कोणतीही बोली चालते असं लिहिलंय. हातवाऱ्यांचं काही लिहिलेलं नाही. तो आपल्या शब्दांत कसं सांगणार आणि फोन ते कसं घेणार, हे तिलाही ठाऊक नव्हतं. आज बसून पाहू म्हणत होती.

जानरावांनी ग्लास खाली ठेवला. परतवाड्याची शेवटची गाडी साडेपाचला होती.

"मी येऊ का संगं?" त्यांनी विचारलं. "मले पाहाचं हाय."